मूत्रवाहिनीत स्टेंट असताना खड्यावर लहरींचे उपचार करावेत का?

प्रश्न : ऐरोलीकर

नमस्कार. माझे यजमान ४६ वर्षांचे असून महापे येथील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दिवसभर भट्टीजवळ उभे राहून काम करतात. साडेतीन आठवड्यांपूर्वी रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या उजव्या कुशीत असह्य कळा सुरू झाल्या आणि पहाटेपर्यंत हुडहुडी भरून १०३ अंश ताप चढला. रुग्णालयात सोनोग्राफी व सीटी स्कॅन झाल्यावर उजव्या मूत्रवाहिनीच्या अगदी वरच्या भागात ११ मिलिमीटरचा खडा अडकला असून त्यामुळे मूत्रपिंड फुगले आहे, असे निदान झाले. त्याच सकाळी त्यांना भूल देऊन डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक पोकळ नळी, बसवला आणि शिरेतून प्रतिजैविके सुरू केली. खड्याला मात्र हात लावला नाही. दोन दिवसांत ताप उतरला आणि आठवड्याने ते घरी आले.

आता त्याच डॉक्टरांनी स्टेंट आत असतानाच लिथोट्रिप्सी, म्हणजे बाहेरून लहरी देऊन खडा फोडण्याचे उपचार, करण्याचा पर्याय सांगितला आहे. ठाण्यात दुसरे मत घेतले, तेव्हा तेथील डॉक्टर म्हणाले की स्टेंटमुळे लहरींच्या उपचारांना मदत होत नाही, उलट थोडी अडचणच होऊ शकते, आणि दुर्बिणीने लेझर वापरून खडा काढणे त्यांना अधिक योग्य वाटते. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही आम्हाला पुरेसा वेळ दिला. तरीही घरी आल्यावर आमचा गोंधळ वाढला आहे.

स्टेंटचा त्रास यजमानांना बराच होतो. अर्ध्या-पाऊण तासाने लघवीला जावे लागते, आणि लघवी करताना खाली जळजळ व्हावी हे समजते, पण त्यांना त्याच क्षणी वर पाठीतही कळ येते. ठाणे-बेलापूर रस्त्याने कंपनीच्या बसमधून जाऊन आले की संध्याकाळी लघवी लालसर होते. त्यामुळे त्यांचे म्हणणे असे की आधी ही नळी काढा आणि मग खड्याचे काय ते बघू. स्टेंटमुळे लहरींचा परिणाम खरोखर कमी होतो का? तसे असेल तर तो बसवलाच का, आणि उपचारांपूर्वी काढून टाकता येतो का? सीटीच्या अहवालात खड्याची घनता ११८० हाऊन्सफिल्ड युनिट आणि त्वचेपासून खड्यापर्यंतचे अंतर १२ सेंटिमीटर असे लिहिले आहे. त्याचा अर्थ कुणी समजावून सांगितला, तर फार उपकार होतील.

उत्तर : कळवेकर

मी डॉक्टर नाही, रुग्ण म्हणून लिहितो. माझ्या डाव्या मूत्रपिंडात १४ मिलिमीटरचा खडा होता आणि लहरींच्या उपचारांपूर्वी मलाही स्टेंट बसवला होता. दोन बैठकांमध्ये खडा फुटला आणि पुढील तीन आठवडे लघवीतून वाळूसारखा चुरा जात राहिला. स्टेंट नसता तर तो लवकर गेला असता की उशिरा, हे मला सांगता येणार नाही. मला लिहायचे आहे ते त्यानंतर जे घडले त्याविषयी.

खडा गेला, कळा थांबल्या, हळूहळू नळीची सवय झाली आणि ती आत आहे याचाच मला विसर पडला. रुग्णालयाकडून फोन आला नाही, आणि घरी पाठवताना दिलेल्या कागदावर 'स्टेंट काढण्यासाठी यावे' एवढेच लिहिले होते. तारखेची जागा कोरी होती. आठव्या महिन्यात पुन्हा रक्त जाऊ लागले. एक्स-रेमध्ये मूत्राशयातल्या नळीच्या वेटोळ्यावर लिंबाएवढा खडा चढलेला दिसला आणि वरच्या टोकावरही क्षारांचे कवच बसले होते. ते कवच फोडण्यासाठी आधी वरच्या टोकावर लहरी द्याव्या लागल्या, मग खालचा खडा दुर्बिणीने फोडावा लागला, आणि त्यानंतर कुठे नळी निघाली. एरवी जी नळी काढायला पाच-दहा मिनिटे लागतात, तिच्यासाठी मला दोनदा भूल घ्यावी लागली. रुग्णालयाचे नाव येथे लिहीत नाही, कारण चूक त्यांच्याइतकीच माझीही होती. ताई, उपचार कोणताही ठरवा, पण नळी कोणत्या तारखेला काढायची ते आजच लिहून घ्या आणि घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा.

उत्तर : मूत्रशल्यचिकित्सक, ठाणे

ऐरोलीकर ताई, आपल्या लिखाणात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. त्या पहाटे स्टेंट का बसवला हा एक, आणि आता लहरींच्या उपचारांवर त्याचा काय परिणाम होईल हा दुसरा. नळी एकच असली, तरी ही दोन उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत.

पहिल्याचे उत्तर स्पष्ट आहे. खड्याने वाट अडवलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला असेल आणि त्यासोबत थंडीताप असेल, तर ती तातडीची अवस्था असते. अडकलेली, जंतूंनी भरलेली लघवी प्रथम बाहेर काढावी लागते. त्यासाठी एकतर खालून स्टेंट बसवतात किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालतात. त्या वेळी खडा फोडायला गेले, तर जंतू रक्तात पसरून जिवावर बेतू शकते, आणि संसर्ग आटोक्यात नसताना लहरी देणे तर वर्ज्यच आहे. म्हणून खडा तसाच ठेवून फक्त स्टेंट बसवला, यात काही उणीव राहिली असे कृपया समजू नका. त्या सकाळी जे करायला हवे होते, नेमके तेच केले गेले. एकच मूत्रपिंड असणे, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण) वाढत जाणे किंवा औषधांनी न थांबणारी कळ, हीदेखील स्टेंट बसवण्याची रास्त कारणे आहेत.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल. दोन्ही टोकांना वेटोळे असलेला आजचा डीजे स्टेंट १९७८ साली वापरात आला आणि लहरींनी माणसाच्या मूत्रपिंडातला खडा फोडण्याचा पहिला उपचार फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे झाला. दोन्ही साधने जवळजवळ एकाच काळात हाती आली, आणि मोठ्या खड्यावर लहरी देण्यापूर्वी स्टेंट बसवून ठेवण्याची पद्धत रुळली. त्यामागचा विचार असा होता की नळीमुळे वाट उघडी राहील, खड्याभोवती जागा होईल आणि चुरा सहज खाली उतरेल. विचार पटण्यासारखा होता, पण रुग्णांचे दोन गट करून, एका गटाला स्टेंट बसवून आणि दुसऱ्याला न बसवता जेव्हा तुलना केली गेली, तेव्हा पूर्णपणे खडेमुक्त होणाऱ्यांचे प्रमाण स्टेंटमुळे वाढलेले आढळले नाही; लघवीचा त्रास मात्र स्टेंटच्या गटात निश्चितपणे अधिक होता. मूत्रवाहिनीतल्या खड्यांच्या बाबतीत तर काही अभ्यासांत स्टेंट असलेल्यांचा निकाल थोडा कमीच दिसला. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच लहरींच्या उपचारांपूर्वी सरसकट स्टेंट बसवू नये असे ठामपणे सांगितले आहे. युरोपीय सूचनांचे म्हणणेही हेच आहे. त्यात इतकीच पुस्ती आहे की स्टेंटमुळे मूत्रवाहिनीत चुऱ्याची रांग अडकण्याचे प्रमाण कमी होऊ शकते.

ही रांग म्हणजे काय, ते सांगतो. खडा फुटल्यावर त्याचे तुकडे मूत्रवाहिनीत एकामागोमाग एक साचून वाट बंद करतात. जर्मन भाषेत तिला 'श्टाइनश्ट्रासे', म्हणजे दगडांचा रस्ता, असे नाव पडले आणि जगभर तेच रूढ झाले. खडा दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, तर ही भीती खरी असते, आणि रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल तर मीसुद्धा आधी स्टेंट बसवतो. स्टेंटचे काम येथे पहारेकऱ्याचे आहे. खडा फुटण्यात त्याचा हात नसतो आणि चुरा बाहेर नेण्यातही नसतो. वाट तुंबली तरी मूत्रपिंडातली लघवी वाहत राहावी, एवढी जबाबदारी तो पार पाडतो.

चुरा बाहेर नेण्यात स्टेंटची मदत का होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. मूत्रवाहिनी हा नुसता पाइप नाही. ती साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी असून मिनिटातून काही वेळा वरून खाली आकुंचन पावत लघवीचा घोट पुढे ढकलत असते, आणि खड्याचे तुकडेही याच ढकलण्याने खाली सरकतात. आत स्टेंट असला की ही हालचाल मंदावते, पुष्कळदा जवळजवळ थांबते, आणि मूत्रवाहिनी सैल व रुंद होऊन पडून राहते. वाट रुंद होते खरी, पण त्या वाटेने पुढे ढकलणारा जोर नाहीसा होतो.

आता आपल्या अहवालातल्या आकड्यांकडे येऊ. माझ्या मते आपला निर्णय स्टेंटपेक्षा या आकड्यांवरच ठरायला हवा. हाऊन्सफिल्ड युनिट म्हणजे सीटीमध्ये दिसणारी घनता. ती १००० च्या वर असेल, तर खडा कठीण असून लहरींना दाद देण्याची शक्यता कमी होते. त्वचेपासूनचे अंतर १० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर लहरींचा जोर खड्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. यजमानांच्या बाबतीत दोन्ही आकडे प्रतिकूल आहेत. शिवाय खडा मूत्रवाहिनीत असून १० मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, आणि अशा खड्यांसाठी युरोपीय सूचना दुर्बिणीला पहिली पसंती देतात. लहरींनी खडा फुटणारच नाही असे नव्हे. पण दोन-तीन बैठका लागतील आणि शेवटी दुर्बीण लागेलच, ही शक्यता आपण आधीच गृहीत धरावी.

आणखी एक बाब यजमानांच्या बाजूची आहे. तीन-चार आठवडे स्टेंट राहिल्याने मूत्रवाहिनी सैल झालेली असते, त्यामुळे दुर्बीण आत नेणे सोपे जाते. लहरींसाठी ज्या नळीचा फायदा नाही, तीच दुर्बिणीला वाट करून देते.

लहरींच्या आधी नळी काढण्याविषयी विचारले आहे. खडा अजून त्याच जागी असताना नळी काढली, तर वाट पुन्हा बंद होऊन त्या रात्रीची पुनरावृत्ती होऊ शकते. म्हणून आधी नळी काढून मग बघू, असे कृपया करू नका. लहरी द्यायचे ठरलेच, तर बहुधा स्टेंट आत ठेवूनच देतात आणि चुरा गेल्याचे एक्स-रेत दिसल्यावर तो काढतात. दरम्यान त्रास कमी करण्यासाठी टॅमसुलोसिनसारखी औषधे बऱ्याच रुग्णांना उपयोगी पडतात. त्याविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. लघवी करताना पाठीत येणारी कळ ही उलट्या प्रवाहाची आहे. मूत्राशय आवळला की लघवी नळीच्या वाटेने वर मूत्रपिंडात चढते, म्हणून लघवी तुंबवू नये आणि करताना जोर लावू नये. फिरल्यावर किंवा धक्के बसल्यावर लालसर लघवी होणे स्टेंटमध्ये नेहमीचे आहे. पण गाठी पडू लागल्या, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र असो वा सुट्टीचा दिवस, ताबडतोब रुग्णालयात जावे.

हे सर्व मी अहवालाच्या चार ओळींवरून लिहिले आहे. सीटीची चित्रे मी पाहिलेली नाहीत. अंतिम शब्द ती पाहणाऱ्या डॉक्टरांचाच.

उत्तर : लिथोट्रिप्सी तंत्रज्ञ, नेरूळ

डॉक्टरसाहेबांच्या उत्तरात वैद्यकीय भाग आला आहे. मी गेली चौदा वर्षे हे यंत्र चालवतो, म्हणून टेबलाजवळून जे दिसते तेवढे लिहितो.

लहर खड्यावर अचूक पडावी लागते. पडद्यावर स्टेंट ठळक रेषेसारखा दिसतो, त्यामुळे मूत्रवाहिनी कोठून जाते हे लगेच कळते, आणि एक्स-रेत फिकट दिसणारा खडा शोधताना या रेषेचा आधार होतो. पण खडा लहान असून नळीला अगदी चिकटलेला असेल, किंवा मागे मणक्याच्या हाडाचा टोकाचा भाग येत असेल, तर खड्याची कड आणि नळीची कड वेगळी ओळखणे अवघड जाते. पहिल्या हजार लहरींनंतर खडा विरळ होऊ लागला की ही अडचण वाढते, कारण पुसट झालेल्या खड्यापेक्षा नळीच अधिक उठून दिसते. अशा वेळी रुग्णाला किंचित कुशीवर वळवून, दोन कोनांतून पाहून मगच पुढे जावे लागते. श्वासाबरोबर खडाही वर-खाली सरकतो. त्यामुळे कळ सोसत जोरजोराने श्वास घेणाऱ्या रुग्णाच्या बऱ्याच लहरी खड्याशेजारून निघून जातात. वेदनाशामक व्यवस्थित दिलेले असणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

स्टेंट आहे की नाही, यापेक्षा दोन साध्या गोष्टींनी निकालात अधिक फरक पडतो, असे माझे मत आहे. पहिली गोष्ट म्हणजे यंत्राची उशी आणि त्वचा यांमधली जेल. तिच्यात हवेचे बुडबुडे राहिले, तर लहर तेथेच अडते. मी जेल हाताने न पसरवता एकाच ढिगात ओततो आणि रुग्णाला सावकाश तिच्यावर टेकवतो. रुग्ण मध्येच उठून पुन्हा झोपला, तर जेल पुसून नव्याने घालतो. दुसरी गोष्ट लहरींच्या वेगाची. मिनिटाला १२० ऐवजी ६० लहरी दिल्या, तर खडा अधिक चांगला फुटतो आणि मूत्रपिंडाला इजाही कमी होते, कारण प्रत्येक लहरीनंतर खड्याभोवतीच्या द्रवात तयार झालेले सूक्ष्म बुडबुडे विरायला वेळ मिळतो. ३००० लहरींना त्या वेगाने ५० मिनिटे लागतात, दुप्पट वेगाने २५. बाहेर चार रुग्ण ताटकळत असले, तरी ही ५० मिनिटे द्यावीत, आणि आपण रुग्ण म्हणून वेग किती ठेवणार हे विचारलेत, तर कोणाही तंत्रज्ञाला त्यात अवघडल्यासारखे वाटू नये. सुरुवात कमी जोराने करून तो टप्प्याटप्प्याने वाढवतात, हेही लक्षात असू द्या.

यजमान रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, ॲस्पिरिनसुद्धा, तर ते आधी सांगा. ऐन टेबलावर हे समजल्याने मला रुग्ण परत पाठवावे लागले आहेत.

प्रश्नकर्ती : ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. दगडांच्या रस्त्याविषयी वाचल्यावर यजमानांनी एक शंका विचारली, ती मांडते. खडा फुटल्यावर त्याचे तुकडे या नळीतूनच बाहेर येतात, अशी त्यांची समजूत होती. नळी पोकळ आहे, तर चुरा तिच्यातून का जात नाही?

उत्तर : मूत्रशल्यचिकित्सक, ठाणे

ही समजूत फार रुग्णांची असते. नेहमीचा स्टेंट सहा फ्रेंच मापाचा, म्हणजे बाहेरून सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा असतो, आणि आतली पोकळी त्याहूनही अरुंद असते. त्यातून अगदी बारीक वाळू जाईल, तुकडा जाणार नाही. तुकडे उतरतात ते नळी आणि मूत्रवाहिनीची भिंत यांमधल्या जागेतून. लघवी मात्र दोन्हीकडून वाहते, नळीच्या आतून आणि बाहेरूनही, आणि म्हणूनच वाट अर्धी बंद झाली तरी मूत्रपिंड फुगत नाही. यजमानांनी घरी लघवी गाळणीतून गाळून घ्यावी आणि तुकडा मिळाला तर कोरड्या बाटलीत ठेवून तपासणीला द्यावा. खडा कोणत्या क्षाराचा आहे हे कळले, तर पुढे खाण्यापिण्याचा सल्ला नेमका देता येतो. भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी घामातूनच निघून जाते. नुसते तीन लिटर पाणी प्या असे सांगण्याऐवजी मी अशा रुग्णांना दिवसभरात निदान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या असे सांगतो, आणि आठवड्यातून एक दिवस ती मोजायलाही सांगतो.

प्रश्नकर्ती : ऐरोलीकर

काल आम्ही सीटीची चित्रे घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो आणि दोन्ही आकड्यांविषयी सरळ विचारले. त्यांनी पडद्यावर त्वचेपासून खड्यापर्यंतची रेघ आमच्यासमोर पुन्हा मोजली; ती ११.८ सेंटिमीटर भरली. दुर्बिणीसाठी पुन्हा भूल द्यावी लागते आणि लहरींना बहुधा ती लागत नाही, म्हणून यजमानांची भुलेची भीती पाहून आपण लहरींचा पर्याय पुढे ठेवला होता, असे त्यांनी सांगितले. ती भीती यजमानांनी पहिल्याच भेटीत बोलून दाखवली होती, हे मी येथे लिहायला विसरले होते. सगळे नीट समजल्यावर यजमानांनी स्वतःच दुर्बिणीने लेझर करून घेण्याचे ठरवले. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. लघवीतल्या जंतूंची कल्चर तपासणी त्याआधी परत करायची असून टॅमसुलोसिन कालपासूनच सुरू केले आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांसाठी नवीन स्टेंट ठेवावा लागेल, असेही डॉक्टर म्हणाले. कळवेकर, आपले उत्तर मी त्यांना मोबाइलवर वाचून दाखवले. त्यांनी कार्डावर नळी काढण्याची तारीख आमच्यासमोर लिहिली, आणि ती मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने टिपून ठेवली आहे.

उत्तर : कळवेकर

वाचून फार बरे वाटले. कार्डाचा एक फोटो मुलांच्या मोबाइलमध्येही असू द्या. माझे कार्ड सापडले तेव्हा ते कपाटात, जुन्या वीजबिलांच्या खाली होते.